आपल्यानंतर आलेली माणसं

माय, आज सकाळी एक पोरगी माझ्याकडे येऊन गेली आणि तेव्हापासून तू डोक्यातून जात नाहीस. ती काय म्हणाली ते सांगतेच, पण आधी बाकीचं सांगायला हवं, कारण तू गेल्यानंतर गावात जे झालं ते तुला माहीत नाही. तुला अक्षर येत नव्हतं, आणि ज्या भाषेत मी हे लिहितेय ती तू शेवटपर्यंत अडखळत बोललीस. त्यामुळे हे तुझ्यापर्यंत पोहोचण्याचा प्रश्नच नाही. तरी तुझ्याशीच बोलावंसं वाटतं. दादाशी बोलता येत नाही, आणि गावात तिसरं कोणी असं नाही की ज्याच्यासमोर मी आपल्या घराची गोष्ट मोकळेपणानं काढू शकेन.

तुम्ही कसे आलात ते मी तुटक तुटक ऐकलंय. पैनगंगेच्या पलीकडून विहिरी खोदणारी टोळी आली होती, त्यात बाबा आणि तू. घाटंजीच्या अलीकडच्या या गावात एका शेतात विहिरीचं काम चाललं असताना दरड कोसळली आणि बाबांचा पाय मोडला. टोळी पुढच्या कामावर निघून गेली. तुम्ही मागे राहिलात, पाय जुळेपर्यंत म्हणून, आणि मग राहूनच गेलात. बाबा सालगडी झाले, लंगडत बैल हाकायचे. तू वेचणीला जायला लागलीस. आम्ही दोघं इथेच जन्मलो. गावात आपल्याला नाव नव्हतं. बाबा म्हणजे तेलंगा, तू तेलंगीण, आणि आम्ही तेलंग्याची पोट्टी.

वेचणीत तुला नेहमी धुऱ्याकडची, बांधालगतची ओळ मिळायची, जिथे झाडं खुरटी आणि बोंडं कमी. मी तुझ्या मागे मागे चालायचे, म्हणून मला आठवतं. इतर बायका एकमेकींशी बोलत, गात पुढे सरकायच्या आणि तू मान खाली घालून दोन्ही हातांनी वेचायचीस, ओटी भरली की धावत गाठोड्याकडे. एकदा वजनाच्या वेळी तुझ्या गाठोड्यातून ढेकळं निघाली. मालकानं सगळ्यांसमोर ती उचलून दाखवली. तू गाठोडं पुन्हा बांधलंस. ढेकळं कोणी घातली ते तुलाही माहीत होतं आणि त्यांनाही. घरी येताना एक बाई मागून मोठ्यानं म्हणाली, "कमी मजुरीत जाते न थे, म्हनून आमचे भाव पडले. कायले आली असन मरायले इथं?" मी तुला विचारलं, तू खरंच कमी घेतेस का. तू म्हणालीस, "जास्त मांगलं तं उद्या कोन बलावन?"

आणि तो घाटंजीचा बाजार. मी सहा-सात वर्षांची असेन. गर्दीत तुझा पदर हातातून सुटला आणि मी घाबरून ओरडले, "अम्मा!" तू दहा हातांवर उभी होतीस, मिरच्या निवडत. तू वळली नाहीस. मी पुन्हा ओरडले. लोक माझ्याकडे बघायला लागले, तुझ्याकडे बघायला लागले, आणि तू मिरच्या टाकून चालायला लागलीस, मला हाक न मारता, पण इतक्या हळू की मी मागून येऊ शकेन. गावाच्या वाटेला लागल्यावर तू खाली बसलीस, माझं तोंड दोन्ही हातांत धरलंस. मारलं नाहीस. मारलं असतंस तर मी विसरले असते. तू म्हणालीस, "बजारात मी कोनाची अम्मा नाही. मी माय हाय. म्हन, माय." मी म्हटलं, माय. "पुन्हा म्हन." मी पुन्हा म्हटलं. त्या दिवसापासून घरात तुझी बोली बंद झाली. बाबांशी सुद्धा तू आमच्यासमोर मराठीतच बोलायचीस. चिंचेचा भात करायचीस तो बंद केलास, कारण फोडणीचा वास रस्त्यावर जातो. आम्ही भाकरीची माणसं झालो.

मला अजूनही सर्वांत जास्त त्रास देतो तो यवतमाळचा दवाखाना. बाबा आधीच गेले होते. नवरा वारल्यावर मी पुन्हा गावात राहायला आले होते, अंगणवाडीवर लागले होते. तुझा ताप उतरत नव्हता आणि तापात तुझी मराठी हळूहळू गळून पडली. सकाळपासून तू एकच काहीतरी पुटपुटत होतीस. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं विचारलं, "काय म्हनून राह्यली ओ तुमची माय?" दादा चटकन म्हणाला, "काई नाई, ताप डोक्यात गेला तिच्या. बडबडून राह्यली." मीही मान हलवली. दुपारी नर्सची पाळी बदलली. नवी नर्स चंद्रपूरच्या तिकडची होती. ती तुझ्यावर वाकली, ऐकलं, आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "अहो, पाणी मागतायत त्या. तेलुगूत. तुम्ही त्यांचीच मुलं ना?" नीळ्ळु, नीळ्ळु. मी चमच्यानं पाणी पाजलं. दादा खाटेच्या पायथ्याशी उभा होता, फरशीकडे बघत. आपल्या मायला पाणी हवंय हे आपल्याला परक्या बाईकडून कळलं, असं तो कधी बोलला नाही, पण तो दिवस त्याच्यात रुतून बसला असणार. माझ्यात बसला तसाच.

तू गेलीस आणि दोन-तीन हंगामांतच कापसाची दशा झाली. भाव पडला, बोंडात अळी शिरली, बियाणं उगवेना. त्या वर्षांत गाव कसं होतं ते सांगू? कोणी शेतातून वेळेवर परतला नाही की घरातली माणसं काही न बोलता चपला घालून शोधायला निघत. बायका फवारणीच्या विषाचे डबे आपल्या घरात ठेवत नसत, शेजारणीच्या घरी ठेवत, आणि शेजारीण आपला डबा तिसऱ्या घरी. अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढताना लांबून कोणाच्या रडण्याचा आवाज आला की माझ्या हातातला डाव थांबायचा, कोणाच्या घरून येतोय याचा अंदाज घेत. दादानं तोवर तीन एकर कोरडवाहू घेतलं होतं. ग्रामपंचायतीत मेंबर झाला होता. लोक त्याला भाऊ म्हणायचे. तेलंग्या हा शब्द कित्येक वर्षं आम्ही ऐकला नव्हता. वहिनी मात्र अजून दुसऱ्यांच्या शेतात वेचायला जायची, तेवढ्यावरच घर चालत होतं.

अशात एका मोठ्या शेतकऱ्यानं मध्य प्रदेशातून वेचणीला माणसं आणली. ट्रकमधून उतरली, बायका, पोरं, म्हातारी, अंगावरच्या कपड्यांनिशी. ते कमी मजुरीत वेचायचे. गावातल्या बायकांचं काम निम्म्यावर आलं. हंगाम संपला तरी त्यातली काही कुटुंबं परत गेली नाहीत. नाल्याच्या काठी ई-क्लासची सरकारी जागा आहे ना, जिथे गुरं बसतात, तिथे त्यांनी पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, कुडाच्या आणि प्लास्टिकच्या झोपड्या टाकल्या.

ठिणगी पडली ती किराणा दुकानात. मी तेल घ्यायला गेले होते, दादा तिथेच उभा होता. ज्याच्या शेतात बाबांचा पाय मोडला त्या घरचा म्हातारा बाकावर बसला होता. वाईट माणूस नव्हता तो, गंमत करायची सवय होती. दादाला म्हणाला, "काय बे, तुह्यी मानसं आली म्हनते नाल्यावर!" सगळे हसले. दादाही हसला. पण मी त्याच्या बाजूला उभी होते, मला त्याचे कान लाल झालेले दिसले. घरी वहिनीनं ताट वाढलं ते तसंच राहिलं. मी म्हटलं, "दादा, थट्टा केली त्यायनं." तो म्हणाला, "माही मानसं? माही मानसं कोनती?"

दुसऱ्या दिवसापासून त्या झोपड्यांविरुद्ध गावात सगळ्यात मोठा आवाज त्याचा. शाळेत ग्रामसभा भरली तेव्हा मी मागच्या भिंतीला टेकून ऐकत होते. "हे लोक रोगराई आनतेत. यायच्या बाया कमी मजुरीत जातेत, आपल्या बायांच्या पोटावर पाय देतेत. यायची भाषा कोनाले समजते? रातच्याले काय करतेत कोनाले मालूम?" माय, त्यातलं एकही वाक्य नवीन नव्हतं. सगळी तुझ्याबद्दल बोललेली होती. मजुरीचं तर खरंही होतं, वहिनीचे रिकामे हात मी रोज बघत होते. मला वाटलं आता कोणीतरी म्हातारं माणूस उठेल आणि म्हणेल, अरे तुझी माय कुठून आली होती? कोणी उठलं नाही. आणि कोणी उठेल याचीच मला इतकी भीती वाटत होती की सभा संपेपर्यंत मी पदर चावून धरला होता.

घरी आल्यावर मी धीर केला. "दादा, आपली मायही अशीच आलती न."

"हळू बोल."

"कोन ऐकून राह्यलं इथं?"

"हळू बोल म्हनलं न!" त्यानं खिडकीकडे पाहिलं. मग खाली बसला आणि कपाळ दाबून धरलं. "आपल्याले या गावानं आपलं म्हनायले आपली अख्खी उमर गेली, बाई. तुले समजत काहून नाई? हे इथं बसले का लोकायले रोज आपन आठवतो. यायले हाकलतीन तवा आपल्यालेही त्यायच्यात मोजतीन. त्याच्या आंधी मीच हाकलतो. मंग कोन म्हनन मी त्यायचा म्हनून?"

मला त्याचं म्हणणं पटलं होतं, हे तुझ्यापासून काय लपवू. मलाही तीच भीती होती, फक्त त्याची भीती ओरडत होती आणि माझी मुकी होती. जाताना तो म्हणाला, "उद्या सकाळी तिकडं जाऊ नको. आमी ट्रॅक्टर घेऊन जानार हाओ."

पण मला जावं लागलं. त्या झोपड्यांत एक बाळ जन्मलं होतं, मुलगी, फार हलकी. आदल्या आठवड्यात तिचं वजन आणखी घटलं होतं. पोरीला काही झालं तर सुपरवायझर मला जाब विचारेल, या धास्तीनं मी गेले. सकाळी लवकर गेले, की ट्रॅक्टर यायच्या आत परत येता येईल. झोपडीच्या आडव्या बांबूला वजनकाटा टांगला. बाळाची आजी झोळी धरून उभी होती, आई कोपऱ्यात. तेवढ्यात एक पोरगा धावत आला आणि आजीला त्यांच्या बोलीत काहीतरी सांगायला लागला. आजीनं झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. माझ्याकडे बघून कसंनुसं हसली आणि त्याला म्हणाली, "मैडम के सामने नहीं। हिंदी में बोल।" पोरगा गोंधळला. त्याला जे सांगायचं होतं ते हिंदीत येत नव्हतं. मी त्या म्हातारीच्या हाताकडे बघत राहिले. काट्यावरचा आकडा काय होता तो मी वाचलाच नाही.

आणि ट्रॅक्टरचा आवाज आला. पोरगा हेच सांगत होता, की माणसं येताहेत.

म्हातारीनं बाळ झोळीतून काढून माझ्या मांडीवर दिलं आणि सामान गोळा करायला धावली. मी खाली बसले होते, मातीत. पुढे ट्रॅक्टर, मागे गावातली माणसं, हातात काठ्या, टिकाव. दादा सगळ्यांच्या पुढे चालत होता. त्यानं मला पाहिलं आणि जागीच थांबला.

"बाई, ऊठ. बाजूले हो."

मला उठता येईना. गावात आज सांगतात की अंगणवाडीच्या बाई बाळ घेऊन ट्रॅक्टरपुढं ठाण मांडून बसल्या. तसं काही नव्हतं, माय. माझ्या पायांत जीवच राहिला नव्हता. लघवी होईल असं वाटत होतं. पाय चालले असते तर मी उठले असते, बाळ कोणाच्या तरी हातात देऊन कुडामागून निघून गेले असते. दादा दुसऱ्यांदा म्हणाला, ऊठ. मी फक्त मान हलवली. उठता येत नाही एवढंच मला सांगायचं होतं, पण बघणाऱ्यांना तो नकार दिसला.

ट्रॅक्टरवर बसलेल्या एका पोरानं वरूनच म्हटलं, "कायले उठन थे? तेलंगीणच हाय न शेवटी. आपली मानसं सोडन का?"

इतक्या वर्षांनी तो शब्द. गावातच जन्मलेल्या, तुला कधी न पाहिलेल्या पोराच्या तोंडून. कोणत्या घरात तो इतकी वर्षं जपून ठेवला होता कुणास ठाऊक. दादा वळला. मला वाटलं तो त्या पोराला खाली ओढेल. त्यानं एकेका माणसाच्या तोंडाकडे पाहिलं, ज्यांच्यासोबत तो आला होता त्यांच्या. कोणी म्हणालं नाही की बे, काय बोलून राह्यला. कोणी खाली बघत होतं, कोणी लांब. माय, तेव्हा माझ्या भावाचा चेहरा अगदी लहान पोरासारखा झाला होता, हरवलेल्या पोरासारखा. त्यानं हातातली काठी खाली ठेवली, टाकली नाही, नीट ठेवली, आणि गावाकडे चालायला लागला. पुढाकार घेणारा गेल्यावर बाकीचे थोडा वेळ तसेच उभे राहिले. कोणी तंबाखूच्या खर्र्याची पुडी काढली, कोणी काहीतरी बोललं, आणि ट्रॅक्टर वळवून सगळे निघून गेले. मी त्यानंतरही बराच वेळ उठले नाही. म्हातारीनं मला पाणी आणून दिलं.

पुढच्या हंगामात त्यातली बहुतेक कुटुंबं आपणहून कुठे कुठे निघून गेली. त्या बाळाचं घर राहिलं. पोरगी जगली, माझ्याच अंगणवाडीत वाढली. दादा पुन्हा कधी निवडणुकीला उभा राहिला नाही. माझ्याशी बोलणं त्यानं कित्येक महिने टाकलं होतं. मग एके दुपारी येऊन ओसरीवर बसला आणि विचारलं, "बाई, मायचं गाव कोनतं होतं वं?" मला माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं. आम्ही दोघं पैनगंगेच्या पलीकडे आहे एवढंच जाणतो. तो म्हणाला, "कोनी इचारलं तं काय सांगाव?" कोणीही विचारत नव्हतं. पण तो अजूनही कोणी विचारेल म्हणून उत्तर शोधतोय.

आणि आज सकाळी ती पोरगी आली. बारावी झालीय, बचत गटात पुढे असते, माझ्यापेक्षा अस्सल वऱ्हाडी बोलते. घाटंजीच्या रस्त्यावरच्या जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, बिहारकडची माणसं कामाला आली आहेत, तिथेच पत्र्याच्या खोल्यांत राहतात. तिच्या आईचं तिथलं काम गेलं. ती म्हणाली, "मावशी, आमी बाया जाऊन राह्यलो मालकाकडं. यायले काढलंच पाह्यजे. कोन कुठचे लोक, ना आगा ना पीछा. तुमी चाला, तुमी बोलल्या तं लोक ऐकतेत. तुमी मले वाचवलं तवा कोनाले भेल्या का?"

मी तिला विचारलं, "पोरी, तू कुठची?"

"मी?" ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "मी इथचीच. कायले इचारता, मावशी? कोनी काही म्हनलं का?"

ते डोळे मी ओळखते. बाजारात मिरच्या निवडताना तुझे तसे होते, खिडकीकडे बघताना दादाचे. मला तिच्यावर रागावता आलं नाही. तिच्या आईचं काम खरंच गेलंय, आणि त्याला मी काय उत्तर देणार? पण मला भीती वाटली, ट्रॅक्टरच्या दिवशी वाटली त्याहून जास्त. ही पोरगी मी महिनोन्महिने काट्यावर तोलली, हिला खिचडी भरवली, आणि हिच्या पोटात आमचंच भय शिरलं. ते कोणत्या वाटेनं शिरलं? तिच्या आजीच्या त्या हातानं, की माझ्या गप्प बसण्यानं? उद्या जिनिंगच्या पत्र्याखाली एखादी बाई आपल्या लेकराच्या तोंडावर हात ठेवेल, आणि ते लेकरू मोठं होऊन आणखी कोणाला हाकलायला निघेल.

मी तिला बसवलं. म्हटलं, उद्या मी येते तुझ्यासोबत, पण मालकाकडे जायच्या आधी आपण त्या खोल्यांकडे जाऊ, त्यांच्यातल्या बायांना किती मजुरी मिळते ते विचारू. कमी मिळत असेल तर भांडण मालकाशी आहे. ती लगेच कबूल झाली नाही. "लोक काय म्हनतीन?" म्हणाली. तेव्हा मी तिला तुझी गोष्ट सांगितली. विहीर, ढेकळं, बाजार, दवाखान्यातलं पाणी, सगळं. आपण तेलंगी आहोत हे मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं कोणाला सांगितलं. ट्रॅक्टरच्या दिवशी मला उठता आलं नव्हतं, हेही सांगितलं. ती ऐकत राहिली, मधेच तिनं माझा हात धरला. उद्या ती येईल की नाही मला माहीत नाही. मी जाईन की नाही, तेही आज लिहिताना नक्की सांगवत नाही.

एवढं मात्र तुला सांगते, माय. तुझी गोष्ट सुरू करण्याआधी मी उठले होते आणि दार लावून कडी घातली होती.